तीस, पंधरा, एकतीस : जुन्या कॅम्परच्या तारा वाचताना

पुण्यात नाना पेठेतल्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात हेडलाइटसाठी रिले मागितला, की दुकानदार एक लहानशी काळी डबी काउंटरवर ठेवतो. डबीच्या बुडाशी पत्र्याच्या चार पिना असतात आणि प्रत्येक पिनेशेजारी एकेक आकडा : ३०, ८५, ८६, ८७. तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला दिवा, बाकीच्या दोन कॉइलच्या, हे तिथल्या नवशिक्या पोऱ्यालाही पाठ असतं. पण तीसच का, आणि तीसवरून उडी एकदम पंच्याऐंशीवर का, हे विचारलं तर ‘तसंच असतं’ एवढंच उत्तर मिळतं. ते चुकीचंही नाही. तसंच असतं, कारण जर्मन मानकसंस्थेनं ते तसं ठरवलं. डीआयएन ७२५५२ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या यादीत मोटारीतल्या प्रत्येक टोकाला एक आकडा नेमून दिलेला आहे. ३० म्हणजे बॅटरीचं सदैव जिवंत असलेलं धन टोक, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारं, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे सेल्फला जाणारी आज्ञा, ५३ वायपर, ५६ हेडलाइट, ५८ बारीक दिवे, ६१ चार्जिंगचा लाल दिवा. मधले आकडे सापडत नाहीत असं वाटतं, ते इतरांना वाटून दिलेले आहेत म्हणून.

ही यादी डोक्यात ठेवून एखाद्या पन्नास वर्षं जुन्या जर्मन कॅम्परच्या पोटात डोकावलं, तर तारांचं जंगल हळूहळू पानासारखं वाचता येऊ लागतं. कॅम्पर म्हणजे ज्या गाडीत झोपायची, शिजवायची आणि दिवा लावून वाचत बसायची सोय आहे ती गाडी. मागे ओढून न्यायची ती कॅराव्हॅन. आपल्याकडे दोन्हींना सरसकट कॅराव्हॅन म्हणतात, पण विजेच्या दृष्टीनं त्यांत फरक आहे. कॅम्परमध्ये वाहन आणि घर एकाच पत्र्यात राहतात. एकाच छपराखाली दोन संसार म्हटल्यावर जे होतं तेच इथं होतं. विजेवरून भांडणं होतात.

या गाड्यांवर युरोप-अमेरिकेत ढिगांनी पुस्तकं निघाली आहेत. त्यांत रंग असतात, फुलं रंगवलेले दरवाजे असतात, वर उघडणारं कापडी छप्पर असतं, इंजिनाचे सीसी असतात. तारांवर मात्र शेवटच्या पानाशी एक आकृती, तीही भिंगाशिवाय न दिसणारी. माझ्या मते या गाड्यांचा खरा सामाजिक इतिहास त्या तारांमध्ये आहे. माणसानं रस्त्यावर घर नेताना कोणती सुखं सोबत घेतली आणि ती कोणत्या क्रमानं घेतली, हे तिथं थरांनी साठलेलं दिसतं. आणि अशी जुनी गाडी विकत घेऊन तिचे दिवे पुन्हा लावू पाहणाऱ्याला हा इतिहास शोभेपुरता नसतो. तो ठाऊक नसेल तर गाडी पेटूही शकते.

गाडीचा जन्म थोडक्यात सांगतो, कारण तो बऱ्याच जणांना माहीत आहे. डच व्यापारी बेन पॉन यानं १९४७ च्या एप्रिलमध्ये वहीत एक डब्यासारखी आकृती काढली. मार्च १९५० पासून फोक्सवॅगनच्या वोल्फ्सबुर्ग कारखान्यातून तशी गाडी बाहेर पडू लागली आणि १९५६ मध्ये तिचं उत्पादन हॅनोवरला गेलं. वीडेनब्रुक गावच्या वेस्टफालिया कंपनीनं, जिचं मूळ १८४४ मधल्या एका लोहारकामाच्या दुकानात आहे, १९५१ च्या सुमारास या गाडीत बसवता येईल असं लाकडी सामान तयार केलं. त्याला ‘कॅम्पिंग बॉक्स’ म्हणत. पेटीत गाद्या, कपाट, शेगडीची जागा. सुट्टीत गाडीत ठेवायची, सुट्टी संपली की काढून गाडी पुन्हा मालवाहतुकीला जुंपायची. वाहनातलं घर तेव्हा भाड्याच्या सामानासारखं होतं. उचलून ठेवता येणारं आणि वाहनाच्या बॅटरीकडे फारसं काही न मागणारं. शेगडी स्पिरिटवर किंवा गॅसवर, उजेड छतातल्या एखाद्या दिव्याचा किंवा कंदिलाचा. ब्रिटिश कॅराव्हॅनमध्ये तर गॅसच्या मॅंटलचे दिवे पुढेही बरीच वर्षं टिकले. आपल्याकडच्या पेट्रोमॅक्ससारखाच त्यांचा तो सुं आवाज.

मोटारीतली वीज त्याआधी चाळीस वर्षं जुनी होती. बॅटरी त्याहूनही म्हातारी. शिशाचे पत्रे आणि गंधकाचं आम्ल यांची पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लांते यानं १८५९ मध्ये केली, कामीय फोर यानं १८८१ मध्ये तिच्या पत्र्यांवर लेप चढवून तिला व्यवहारात आणलं, आणि तत्त्वतः तीच बॅटरी आजही आपल्या मोटारीत आहे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ आला. हँडल मारण्यातून मनगटं सुटली. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, जर्मनीत बॉश कंपनीनं हेडलाइट, डायनामो, बॅटरी आणि त्यांच्यामध्ये बसून वीज मोजूनमापून सोडणारा रेग्युलेटर असा सगळा संच एकत्र विकायला काढला. आपले जुने वायरमन ज्याला कटआऊट म्हणतात तो याचाच पोटभाग. डायनामोकडून बॅटरीकडे वीज जाऊ द्यायची, पण गाडी थांबल्यावर बॅटरीकडून डायनामोकडे परतू द्यायची नाही, हे त्याचं काम. दारावरच्या भालदारासारखं.

फोक्सवॅगनची गाडी सुरुवातीला सहा व्होल्टची होती. ऑगस्ट १९६६ पासून, म्हणजे १९६७ च्या मॉडेलपासून, ती बारा व्होल्टची झाली. हा बदल कागदावर एका ओळीचा आहे, पण जुनी गाडी घेणाऱ्याला या ओळीच्या अलीकडची मिळाली की पलीकडची, यावर त्याची पुढची दोन वर्षं ठरतात. कारण साधं गणित आहे. ४५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे ९० वॅट. सहा व्होल्टवर त्यासाठी १५ अँपियर प्रवाह लागतो, बारावर साडेसात. आता वाटेत एखादा गंजलेला जोड आहे असं धरू, त्याचा रोध अवघा ०.०५ ओहम. १५ अँपियरला तो पाऊण व्होल्ट खातो, म्हणजे सहातला एक अष्टमांश. साडेसात अँपियरला तोच जोड ०.३७५ व्होल्ट खातो, बारातला बत्तिसावा हिस्सा. तोच जोड, तोच गंज, पण सहा व्होल्टच्या गाडीत चौपट घात. त्यातही तारेच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगानं उतरतो. एक अष्टमांश व्होल्टेज गेलं की उजेड सुमारे एक तृतीयांश जातो. जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांचे दिवे मेणबत्तीसारखे म्हणून जी बदनामी झाली, तिच्यातला मोठा वाटा व्होल्टचा नसून गंजाचा आहे. जोड चकचकीत ठेवले, तार पुरेशी जाड असली, तर त्या दिव्यांत रात्री गाडी हाकता येते. त्या काळात लोक हाकतच होते.

इंग्लंडमध्ये कथा आणखी वेगळी. तिथल्या गाड्यांची वीज प्रामुख्यानं बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीची. संस्थापक जोसेफ ल्यूकस यानं धंद्याची सुरुवात १८६० च्या आसपास हातगाडीवरून रॉकेल विकून केली, मग तो कंदील करू लागला आणि सायकलीचा ‘किंग ऑफ द रोड’ दिवा घेऊन घराघरांत पोचला. दिव्यांचा हा राजा पुढे विनोदी इंग्रजांच्या तोंडी ‘अंधाराचा राजपुत्र’ झाला तो त्याच्या मोटारींतल्या तारांमुळे. मला हा विनोद थोडा अन्यायाचा वाटतो. इंग्लंडच्या ओल्या हवेत पन्नास वर्षं उघडी राहिलेली पितळी टोकं कुणाचीही असली तरी हिरवी पडणारच.

पण ल्यूकसच्या तारांमध्ये एक खरा सापळा आहे, तो रंगांचा. ल्यूकसच्या पद्धतीत तपकिरी तार म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, फ्यूजही नसलेली जिवंत तार, आणि काळी म्हणजे अर्थ. जर्मन पद्धतीत लाल म्हणजे जिवंत, आणि तपकिरी म्हणजे अर्थ. फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीनं बेडफर्ड गाड्यांवर बांधलेल्या ‘डॉर्मोबील’ कॅम्परमध्ये हात घालणारा आणि वेस्टफालियामध्ये हात घालणारा यांनी एकमेकांचा सल्ला ऐकला, तर ठिणगी ठरलेली. त्यात भर म्हणजे १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक पत्र्याला जोडलेलं असे. ऋण टोक पत्र्याला जोडण्याची आज सगळीकडे रूढ असलेली रीत तिथं नंतर, अल्टरनेटरच्या सोबतीनं आली. अशा गाडीत आजचा एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर जसाच्या तसा जोडला तर तो लागत नाही. कधी लागण्याआधीच जळून जातो.

हे सगळं वाहनाचं झालं. घराची वीज वेगळी वाढत गेली, आणि तिला वाढवलं ते शीतकपाटानं. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या बाल्त्सार फॉन प्लातेन आणि कार्ल मुंटर्स या दोन तरुणांनी १९२२ मध्ये एक यंत्र रचलं. त्यात पंप नाही, मोटर नाही, हलणारा भागच नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन नळ्यांत बंद केलेले. त्यांना एका बाजूनं उष्णता दिली की दुसऱ्या बाजूला थंडी मिळते. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सनं हे तंत्र घेतलं. उष्णता कशाचीही चालते, गॅसच्या ज्योतीची किंवा विजेच्या तारेची, आणि म्हणून कॅम्परवाल्यांना ते वरदान वाटलं. थांबल्यावर गॅसवर, तळावर घरगुती विजेवर, रस्त्यावर गाडीच्या बारा व्होल्टवर. तीन तोंडांचं हे कपाट जुन्या कॅम्परमध्ये आजही भेटतं.

मात्र बारा व्होल्टवर ते राक्षस आहे. ऐंशी-शंभर वॅटचा हीटर सतत चालू ठेवायचा म्हणजे सात-आठ अँपियर. ८० अँपियर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये हा नियम पाळला, तर हाती ४० उरतात, आणि ते पाच-साडेपाच तासांत संपतात. तेवढ्यात कपाट आतून जेमतेम गार झालेलं असतं. सकाळी सेल्फ मारावा तर इंजिन ढिम्म हलत नाही. इंजिन बंद असताना हे कपाट बॅटरीवर चालूच होऊ नये, अशी योजना कारखान्याला करावी लागली ती यामुळे. जुन्या कॅम्परचा नवा मालक जेव्हा तक्रार करतो की बाकी सगळं लागतं पण फ्रिज बारा व्होल्टवर लागतच नाही, तेव्हा बऱ्याचदा बिघाड काहीच नसतो. इंजिन चालू करून पाहायचं राहिलेलं असतं.

यातून दुसरी बॅटरी आली. वाहनाची एक, घराची एक, म्हणजे रात्रभर दिवे जाळले तरी सकाळी सेल्फ लागणार. पण दोघींना भरणारा डायनामो वा अल्टरनेटर एकच. गाडी चालताना दोघी जोडलेल्या हव्यात, थांबताच तुटायला हव्यात. हे कुणी करायचं? यावर त्या काळच्या अभियंत्यांनी काढलेलं उत्तर मला या संपूर्ण विषयातलं सर्वांत देखणं वाटतं, म्हणून थोडं थांबून सांगतो.

डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा असतो. त्याच्या एका टोकाला किल्लीमागून आलेली वीज, म्हणजे १५ क्रमांक, आणि दुसरं टोक, ६१ क्रमांक, अल्टरनेटरकडे. इंजिन बंद असताना अल्टरनेटरकडचं टोक जवळजवळ शून्यावर असतं, म्हणून दिव्यातून प्रवाह वाहतो आणि दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज देऊ लागला की दोन्ही टोकं सारख्याच व्होल्टेजला येतात, प्रवाह थांबतो, दिवा विझतो. म्हणजे ६१ या टोकाला आपोआप एक बातमी कळते : आता वीज निर्माण होते आहे. अभियंत्यांनी त्याच टोकाला एका रिलेची कॉइल टांगली. बातमी आली की रिले मिटतो आणि त्याच्या ३० आणि ८७ या जाड पिनांतून दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातात. बातमी थांबली की सुटतो. संगणक नाही, संवेदक नाही. दोन संसारांच्या मधला दरवाजा उघडायचा आणि लावायचा तो एका लहानशा लाल दिव्याच्या शेजारून.

या रचनेतला कच्चा दुवाही तिथंच आहे. बॉशच्या त्या पिढीच्या अल्टरनेटरला पहिल्यांदा जागं व्हायला जो थोडासा प्रवाह लागतो तो याच दिव्यातून मिळतो. दीड-दोन वॅटचा तो बल्ब उडाला, तर अल्टरनेटर झोपूनच राहतो, रिले मिटत नाही, घराची बॅटरी भरत नाही, फ्रिज लागत नाही. माणूस मात्र अल्टरनेटर बदलायला निघतो. लाल दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक, असा त्याचा समज असतो. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही, तर शोध तिथून सुरू करायचा.

१९७९ मध्ये आलेल्या चौकोनी पिढीपर्यंत ही दोन बॅटऱ्यांची मांडणी चांगली रुळली होती. वेस्टफालियाच्या त्या पिढीच्या गाड्यांत बॅटऱ्या पुढच्या आसनांखाली सापडतात, आणि मागे एका फळीवर पाण्याची व बॅटरीची पातळी सांगणारे चिमुकले दिवे. त्याआधीच्या गोल काचेच्या पिढीत बॅटरीची जागा मागे इंजिनाच्या खोलीत, उष्णतेत आणि आम्लाच्या वाफेत. तिथला पत्रा गंजून जातो आणि बॅटरीखालची तबकडी हातात येते, हे या गाड्यांच्या प्रत्येक जाणकाराला ठाऊक आहे.

तिसरा थर घरगुती विजेचा. युरोपातल्या मुक्कामतळांवर खांबावरून वीज घेता येते, निळ्या रंगाच्या तीन पिनांच्या सॉकेटमधून. हा थर बाकी दोघांसारखा नाही. बारा व्होल्ट चिमटा काढतात किंवा आग लावतात, पण २३० व्होल्ट माणूस मारतात. आणि इथं पत्र्याची गाडी रबराच्या चाकांवर उभी असते. जिवंत तार पत्र्याला लागली आणि अर्थ तुटलेला असला, तर ओल्या गवतावर पाय ठेवून दरवाजाला हात लावणारा माणूस स्वतःच अर्थ होतो. जुन्या गाड्यांत गळतीला ३० मिलिअँपियरवर तोडणारा स्विच बहुधा नसतो. शिवाय जर्मनीचा घरगुती प्लग उलटसुलट कसाही बसतो, त्यामुळे एका बाजूचीच तार तोडणारा जुना स्विच कधी न्यूट्रल तोडतो आणि दिवा विझूनही होल्डर जिवंत राहतो. इतर बाबतींत मी जुनं राखावं या मताचा आहे. या एका थरात मात्र नाही. तो काढून, दोन्ही तारा तोडणाऱ्या नव्या स्विचसह, परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा.

आता चौथा थर, ज्याला कुठल्याही कारखान्याची आकृती नाही. मालकांचा थर. पन्नास वर्षांत गाडी पाच-सात हातांतून जाते. एकानं सत्तरच्या दशकात कॅसेट-प्लेअर लावला. दुसऱ्यानं ट्यूबलाइट. तिसऱ्यानं पाण्याचा पंप. चौथ्यानं छतावर सौर पत्रा ठेवला. प्रत्येकानं वीज घेतली ती हाताला सर्वांत जवळ आली त्या तारेतून, फ्यूजच्या अलीकडून की पलीकडून हे न पाहता. कुणी घराच्या भिंतीतली एकसंध तांब्याची तार वापरली. ती स्थिर भिंतीत शंभर वर्षं टिकेल, पण गाडीच्या थरथरीत वाकून वाकून तुटते, आणि तुटते ती नेमकी आवरणाच्या आत, बाहेरून न दिसता. कुणी तार न सोलता तिच्यावर चावा घेऊन बसणाऱ्या निळ्या क्लिपा लावल्या. त्या चाव्यात तारेचे चार धागे तुटतात आणि उरलेल्यांत ओल शिरते. कुणी छतात थर्मोकोल भरला आणि त्याला टेकलेल्या तारांचं पीव्हीसी चिकट, मऊ झालं. उंच छप्पर फायबरचं असतं. त्यातून वीज परतत नाही हे न कळल्यानं कुणी अर्थची तार कपाटाच्या बिजागरीच्या स्क्रूला आवळली.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत जशी प्रत्येक पिढीनं एकेक खोली काढलेली, एकेक जिना बुजवलेला असतो, तसंच हे. फरक इतकाच, की वाड्याची चुकीची भिंत फारतर ओल धरते.

गाडी जुनी झाली म्हणून तिच्या तारा गेल्या, असा सर्रास समज आहे, आणि त्यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे सगळं उपटून नव्यानं तारा ओढणं. मला हे पटत नाही. कारखान्यानं घातलेली तार, तिचा रंग आणि तिच्या टोकाचा आकडा हे एक लिहून ठेवलेलं वचन आहे. बहुतेक वेळा ते अजून पाळलं जात असतं. बिघाड असतो तो जोडांत, फ्यूजांत, अर्थमध्ये आणि चौथ्या थरात. त्या जर्मन गाड्यांतले फ्यूज टोकदार असतात, चिनी मातीच्या कांडीवर धातूची पट्टी. पांढरा ८ अँपियरचा, लाल १६ चा. स्प्रिंगच्या दोन पात्यांमध्ये ते नुसते अडकवलेले असतात, आणि वर्षानुवर्षांच्या दमटपणानं त्यांच्या टोकांवर साय धरते. फ्यूज शाबूत, पण वीज नाही. बोटानं तो जागच्या जागी फिरवला की मेलेला दिवा लागतो, हे पाहून चमत्कार वाटतो, पण तो चमत्कार आठवडाभरच टिकतो. टोकं घासून, पाती आवळून, फ्यूज नवे घालावे लागतात.

वाचन कुठून सुरू करायचं यालाही एक रीत आहे. आधी खांबावरची वीज काढायची, सौर पत्रा सोडवायचा, मग बॅटरीचं ऋण टोक. गॅसची टाकी बंद. मग हातात पक्कड घेण्याआधी कागद घ्यायचा आणि एकेका तारेला चिठ्ठी बांधत नकाशा काढायचा. ज्या तारेचं दुसरं टोक सापडत नाही ती कापायची नाही, बॅटरीकडच्या बाजूनं सोडवून ठेवायची. बॅटरी भरून, रात्रभर विसावू देऊन मोजायची. १२.७ व्होल्ट असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी. आणि रिकामी महिनोन्‌महिने पडून राहिली असेल तर तिच्या पत्र्यांवर गंधकाचे खडे धरलेले, ती बहुधा परत येत नाही. त्यानंतर अर्थ. इथं ओहम मोजण्यात अर्थ नाही, कारण दहातला एकच धागा शिल्लक असलेली तारही मीटरला निरोगी दिसते. दिवा लावून, म्हणजे प्रवाह वाहता ठेवून, बॅटरीचं ऋण टोक आणि दिव्याचं अर्थ यांच्यामध्ये व्होल्ट मोजायचे. शून्याजवळ हवेत. अर्धा व्होल्ट दिसला तर चोर त्याच वाटेवर आहे. असं एकेक मंडळ जिवंत करत जायचं, आणि प्रत्येक बॅटरीपासून निघणाऱ्या प्रत्येक जाड तारेवर, बॅटरीच्या वीतभर अंतरात, फ्यूज आहे याची खात्री करायची. तारांनी लागणाऱ्या आगींत हा एक फ्यूज नसणं हेच वारंवार कारण असतं.

१९६० आणि १९७० च्या दशकांत अशा गाड्या इस्तंबूलहून निघून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत दिल्लीला आणि पुढे गोव्याला येत. इस्तंबूलच्या ‘पुडिंग शॉप’मधल्या फळ्यावर सोबत शोधणाऱ्यांच्या चिठ्ठ्या लागत. हणजुणेच्या किनाऱ्यावर त्यांतल्या काहींचा मुक्काम महिनोन्‌महिने असे. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्ष सरता सरता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता बंद झाला. त्या प्रवासांवर लिहिणाऱ्यांनी चरस, संगीत आणि मोक्ष यांवर भरपूर शाई खर्च केली. सहा हजार मैलांत किती वेळा बॅटरीत पाणी घातलं, हे कुणी लिहिलेलं नाही.

महाराष्ट्राचा या वंशाशी संबंध गोव्यापेक्षा जवळचा आहे, आणि तो आकुर्डीतून जातो. ‘टेम्पो’ हा आज पूर्ण मराठी झालेला शब्द हॅम्बुर्ग-हारबुर्गच्या फिडाल आणि पुत्र यांच्या ‘टेम्पो’ कारखान्याचं नाव आहे. १९४९ मध्ये त्यांनी काढलेल्या ‘मॅटाडोर’ गाडीत सुरुवातीला फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. त्यांच्याशी करार करून १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांनी बजाज टेम्पो कंपनी उभारली. जर्मनीतला तो कारखाना पुढे हानोमागकडे आणि मग डाइमलर-बेंझकडे गेला. १९८७ मध्ये आपल्याकडे आलेली ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ हिचा आराखडा मर्सिडीझच्या टी-१ या व्हॅनवरचा, आणि त्याच टी-१ वर वेस्टफालियानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘जेम्स कुक’ नावाचा कॅम्पर बांधला. म्हणजे शिर्डीला आणि अष्टविनायकाला ज्या गाडीतून आपण दाटीवाटीनं जाऊन आलो, तिची सख्खी बहीण तिकडे पलंग, न्हाणी आणि दोन बॅटऱ्या घेऊन फिरत होती.

अलीकडे या जुन्या गाड्यांत लिथियमची बॅटरी घालण्याची लाट आहे. तीत लोह-फॉस्फेटचा जो प्रकार वापरतात, त्यावरचा मूळ शोधनिबंध १९९७ चा, आणि त्याच्या लेखकांत टेक्सासच्या जॉन गुडइनफ यांच्यासोबत अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. बॅटरी उत्तम, हलकी, खोलवर उतरवता येणारी. पण ६१ क्रमांकाच्या त्या जुन्या रिलेमागे ती नुसती जोडली की पंचाईत होते. शिशाची बॅटरी भरत आली की स्वतःच प्रवाह कमी घेते. लिथियमची जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तेवढा ओढते. पन्नास वर्षांपूर्वीच्या अल्टरनेटरला इतकी ओढ ठाऊक नाही. तो पूर्ण जोरात चालत राहतो, तापतो, आणि त्याचे डायोड जातात. म्हणून मध्ये प्रवाहाला बांध घालणारा एक चार्जर बसवतात. त्याला चालू-बंदची आज्ञा लागते, ती मात्र अजूनही त्याच ६१ च्या टोकावरून दिली जाते.

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ट्रॅव्हलरच्या पाठीत पलंग, ओटा, इन्व्हर्टर आणि दुसरी बॅटरी बसवून देणारे कारागीर आता आपल्याकडेही आहेत. त्यांतल्या काही गाड्या आणखी वीस वर्षांनी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे जातील. सत्तरीतल्या एखाद्या वेस्टफालियाचा आसनाखालचा पत्रा उचलला की तपकिरी तार कुठे जाते हे अजून कळतं. आपल्याकडच्या त्या ओट्याखाली कोणती तार कुठे जाते हे ती गाडी बांधणाऱ्या कारागिराला ठाऊक असतं, आणि बहुतेक वेळा फक्त त्यालाच.